ठिपका फुगला कसा

बाईंना त्या वर्तुळांचं गणित काही केल्या उमगत नव्हतं. ऑनलाइन वर्गात जो जितकं बोलेल तितकं स्क्रीनवर त्याचं वर्तुळ मोठं होतं, एवढं त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. पण एका मुलीचं वर्तुळ पहिल्या तासापासून नुसता ठिपकाच होतं, म्हणून बाई मनातल्या मनात तिला ठिपकाच म्हणायच्या. आज शेवटचा तास. ‘चारचौघांत बोलणं’ या विषयात तिला पास करायचं की नाही, ते बाईंनी ठरवायचं होतं, आणि नापास झाली तर नोकरीच्या मुलाखतीला तिला कुणी बोलावणार नव्हतं. पोरगी हुशार, लिहून दिलेलं सगळं चोख. बाईंचा जीव नुसता तुटत होता.

त्यांनी प्रयत्न काही कमी केले नव्हते. “बोल गं, घाबरू नकोस,” म्हणायच्या, आणि ती अडखळली की तिचं वाक्य स्वतःच पुरं करून द्यायच्या. जन्मभर वर्गात त्यांनी हेच केलं होतं.

आज त्यांनी दोन सहकाऱ्यांचं भांडण तिसऱ्याने मिटवायचं, असा प्रसंग दिला आणि बटण दाबून मुलांना छोट्या गटांत पाठवलं. मुख्य वर्गात त्या एकट्याच उरल्या; गटांतला आवाज तिथे येत नव्हता, पण वर्तुळं सगळ्यांची दिसत होती. आणि बघतात तर काय, ठिपका फुगत चाललेला! बाई लगबगीने तिच्या गटात शिरल्या. सगळे चिडीचूप. बाहेर आल्या, तर वर्तुळ पुन्हा वाढू लागलं.

“ताई, हे यंत्र बिघडलंय गं!” त्यांनी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या थोरल्या बहिणीला हाक मारली. “मी गेले की ती गप्प, बाहेर आले की सुरू!”

“यंत्राला कशाला नावं ठेवतेस? तुझ्यापुढे मलाही कधी धड—”

“बोलता येत नाही? काहीतरीच काय!”

“हेच ते,” ताई म्हणाली.

बाईंना ते झोंबलं, पण नीटसं कळलं नाही. त्या पुन्हा गटात शिरल्या. ठिपका म्हणत होती, “हे बघा, तुमच्या दोघांच्या...” आणि आवाज थांबला.

“दोघांच्याही चुका झाल्या, असंच ना गं?” बाई मायेने म्हणाल्या.

“नाही, बाई.” तिचा आवाज पुन्हा आला. “मी अडखळत नाही. माझं नेट अडतं, आवाज तुमच्याकडे तुटत पोचतो. तेवढ्यात तुम्ही माझं वाक्य पुरं करता, आणि ते कधीच माझं नसतं.”

बाईंना राग आला, लाज वाटली, आणि आनंदही झाला. यातलं आधी काय झालं ते त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

“मग तुझं काय होतं?” त्यांनी विचारलं आणि ओठ दाबून धरले. बराच वेळ काही आलं नाही. त्यांची जीभ वळवळली, पण त्या थांबल्या.

“तुमच्या दोघांच्या मधे मी बोलणार नाही. आधी एकेकाचं पूर्ण ऐकते.”

बाईंनी तिला पास केलं. हिला बोलायला शिकवलं तरी कोणी, हे मात्र त्यांना कळेना.