आतली कड

मी टायर बोलतोय. सुरजच्या पांढऱ्या गाडीचा, डाव्या हाताचा, पुढचा. आता गाडीला नाही. अंगणात भिंतीला टेकवून ठेवलंय मला, आतली कड बाहेर करून. बघा, खुशाल बघा. हात मात्र जपून लावा, तारा आहेत.

रबराच्या थरांत बारीक पोलादी तारा घालून कारखान्यात मला साच्यात भाजलं. पुढे हिंगोलीच्या एका दुकानात बरेच दिवस भिंतीवर लटकत होतो. मग सुरज आला आणि आम्हा चार भावांना घेऊन गेला. सेनगावजवळच्या खेड्यातलं पोरगं, आडत दुकानात कामाला. घरी आई चांगुणा. बहीण करुणा वसमतला दिलेली.

पहिलं वर्ष सुखात गेलं. मग सुरजचा दोस्त मुन्ना, त्याच्या भावाचं लग्न निघालं आणि नवरदेवासाठी सुरजचीच गाडी ठरली. मुन्ना गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "राव, ही गाडी हाय का बैलगाडी? केवढी उंच! खाली बसव की जरा."

झालं, सुरजच्या डोक्यात भुंगा शिरला.

गाडी खाली बसवायला माझी ना नाही. पण त्याला रीत असते. त्या गाडीला चालतील अशा आखूड स्प्रिंगा घ्याव्यात, त्यांच्या जोडीचे शॉकअप घ्यावेत, आणि सगळं बसवून गाडी नव्या उंचीवर उभी राहिली की मगच चाकांची अलाइनमेंट करावी. कारण गाडी खाली आली की चाकं सरळ राहत नाहीत, वरून आत कलतात. यांनी काय केलं? अलाइनमेंट आधीच उरकली! लग्नाआधी गाडी धुऊन आणावी, तशी. दोन दिवसांनी सेनगावात थावराच्या गॅरेजात आमच्या चांगल्या धडधाकट स्प्रिंगा ग्राइंडरनं कापल्या.

थावरानं हात पुसत विचारलं, "अलाइनमेंट?"

"परवाच केली की. एकदम बराबर हाय."

"मंग काम झालं," थावरा म्हणाला आणि त्यानं तंबाखू मळायला घेतली. अरे देवा! मी खाली तिरका उभा होतो, पण टायरकडे कोण बघतो?

वरातीत गाडी देखणी दिसली, खोटं कशाला बोलू? फुलांच्या माळा लावून अशी डौलात चालली की बायका गच्चीवर आल्या. सुरजची छाती फुगली. मीही थोडा फुगलो होतो त्या दिवशी.

दुसऱ्या दिवसापासून भोग सुरू झाले. आमच्याकडचे ब्रेकर म्हणजे गावकऱ्यांनी आपल्या मर्जीनं घातलेली टेकाडं. गाडीचं पोट घासायचं. मग सुरजनं एक नवीनच रीत पाडली. ब्रेकर आला की सगळ्यांनी उतरायचं, चालत पलीकडे जायचं, रिकामी गाडी तिरकी करून काढायची आणि परत बसायचं. पारावरची म्हातारी माणसं विचारायची, "काय सुरज, लोकं गाडीत चालले का गाडीसंग?"

इकडे माझी आतली कड झिजत होती. बाहेरून मी नवाकोरा! रविवारी सुरज मला ब्रशनं घासायचा, काळं पॉलिश लावायचा. आत हात घालून कधी बघितलं नाही त्यानं. मी रस्त्यावर घूं घूं करून गळा काढायचो, तर तो गाण्याचा आवाज वाढवायचा. डिकीत गाण्याचा मोठा डबा बसवायला आमची स्टेपनी, म्हणजे जादाचं चाक, काढून घरी ठेवली होती.

अशात करुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. चांगुणा म्हणाली, "ॲम्बुलन्सचा नंबर लिहून ठेव बाबा."

"काहून?" सुरज म्हणाला. "दारात भावाची गाडी उभी हाय की."

तेव्हा माझ्या तारा उघड्या पडल्या होत्या. पोरीच्या कळा सुरू व्हायच्या आत कुणीतरी वाका रे, असं मी रोज मनात म्हणायचो. कुणी वाकलं नाही.

एका सकाळी करुणाच्या कळा सुरू झाल्या. हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायला तिला मागे डाव्या बाजूला बसवलं, माझ्या पाठीमागेच. शेजारी चांगुणा, आणि पायाशी झबली-टोपड्यांची भरलेली पिशवी. सुरज घामाघूम झालेला. पहिल्या ब्रेकरला करुणा कमरेवर हात ठेवून उतरली आणि चालली. दुसऱ्याला उतरताना दारालाच लटकली.

"आये, मला चालवत न्हाई गं."

"धर मला," चांगुणा म्हणाली आणि लेकाकडे वळली. "ही कसली गाडी घेतली रे तू? पोटुशी पायी आन् गाडी मोकळी!"

सुरजनं गाडी तिरकी काढायला स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं, तसा मी आतल्या कडेसकट बाहेर आलो. चांगुणा लेकीला धरून समोरच उभी होती.

"थांब! आरं थांब! ह्या तारा कशाच्या दिसून राहिल्या?"

सुरज उतरला, खाली वाकला. पहिल्यांदाच वाकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हळूहळू नेतो. काही होत न्हाई."

"दुसरं चाक लाव की."

"न्हाई."

"काहून न्हाई?"

"तिथं... गाण्याचा डबा हाय."

चांगुणा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गावातल्या प्रेमसिंगची जीप माणसांनी भरून येत होती. करुणाची अवस्था बघून मधल्या सीटवरची माणसं न बोलता उतरली. जीपमधून करुणा ओरडली, "सुरज, तू बी इकडंच ये!"

"गाडी रस्त्यात कशी सोडू? व्हा तुमी पुढं, मी मागंच हाय."

गडबडीत पिशवी गाडीतच राहिली.

सुरज जीपच्या मागे निघाला. हळू जातो म्हणाला होता, पण जीप नजरेआड झाली आणि त्याचा पाय दबला. मी जीव मुठीत धरून पळत होतो. हिंगोली जवळ आली होती. एका पुलाच्या अलीकडे मला सोसवलं नाही. मी फुटलो. गाडी डावीकडे ओढली गेली आणि डाव्या कुशीनं बाभळीवर आदळली.

करुणाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. सुरजच्या उजव्या हाताला प्लास्टर आहे. भाचीला अजून त्यानं घेतलेलं नाही. करुणानं दिली तरी म्हणतो, "नको, मला भ्या वाटतं."

काल मुन्ना आला. बाळाला बघितलं, चहा प्याला, मग अंगणात ताडपत्रीखालच्या गाडीशी येऊन हळूच म्हणाला, "झालं ते वाईटच झालं राव. पण काय दिसत होती गाडी! स्प्रिंगा मला देतो का?"

मला वाटलं, सुरज चिडेल. तो चिडला नाही. मुन्नाला घेऊन तो डाव्या बाजूला गेला, ताडपत्री वर केली आणि फुटक्या काचेतून बोट दाखवलं.

"ती पिशवी काढून दे. एका हातानं मला जमत न्हाई."

मुन्नानं आत हात घातला, ओढली. परत ओढली. एक टोपडं बाहेर आलं, पिशवी आली नाही. दार आत घुसून सीटला भिडलं होतं.

"न्हाई निघत रे. पार दाबून बसली."

"करुणा तिथंच बसली होती," सुरज म्हणाला.

मुन्नानं टोपडं हातात धरलं आणि खाली बसला. घरात बाळ रडायला लागलं, तसा सुरजनं तोंड फिरवलं.

उद्या भंगारवाला येणार आहे. मला न्या, माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही आज घरी गेलात की आपल्या गाडीपाशी थांबा, खाली वाका आणि टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. मागच्या सीटवर कोण बसतं, ते आठवून फिरवा.