सालीवरचे सात ठिपके

ऐक, नुसतं ऐक. मधे हुंकारसुद्धा देऊ नकोस, नाहीतर धागा तुटेल.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. एदलाबाद तालुक्यातलं खिरवाडे गाव, चारी बाजूंनी केळीच्या बागा. भर फाल्गुनात गोवर आलेला, घरटी एक पोर अंथरुणात. आणि गावाच्या मधोमध, निंबाखाली, मरीमायच्या ओट्यावर रुपचंद भगत बसलाय. कपाळभर कुंकू, एवढा मोठा फेटा, आणि आवाज असा की त्यापुढं एस.टी.चा भोंगा बरा! समोर सगळं गाव. कुणाचं पोर ठणठणीत, कुणाच्या पोराचे डोळे लाल, नाक वाहतंय, कानामागून पुरळ उतरतंय. सगळी पोरं मांडीला मांडी लावून बसलेली, एकमेकांच्या तोंडावर खोकतायत. गोवरला आणखी काय पाहिजे?

भगतानं देवीपुढच्या फणीतलं एक पिकलं केळं तोडलं. लेकराभोवती सात वेळा ओवाळलं. डोळे फिरवले आणि सुरू!

"माय वं माय, सुरी तुझी चाल! साल राहो साबूत, आत होवो हाल! सोल वं बाई, तूच सोल. माझा हात लागला तर मी पापी!"

लेकराच्या आईनं स्वतःच्या हातानं साल काढली. साल अखंड, कुठं चीर नाही. आणि आतलं केळं? तुकडे तुकडे होऊन तिच्या पदरात पडलं! सात ठिकाणी कापलेलं, चकत्याच चकत्या!

गर्दीतनं नुसता "व माय!" असा आवाज उठला.

"पाह्यलं?" भगत ओरडला. "लेकरावरचे सातही वार मायनं केळ्यावर घेतले! आता गोवर शिवनार न्हाई. पन ध्यानात ठेवा, मायची सुरी लागली त्या अंगाले लोखंडाची सुई लागली, तर माय उठून चालली! केळं इठीच खा. साल मह्या मडक्यात टाका. घरी नेली तर वार घरी गेला."

म्हातारे कौतिक आबा, गावातले सगळ्यात जाणते, मान हलवत म्हणाले, "अरे, आमचा जन्म केळीत गेला. आम्हाले केळ्यावर कोन फसवीन?"

आणि गंमत तिथंच होती बघ. या गावाला केळीतलं सगळं कळायचं. पाणी, खत, घड, पान, सगळं. पण माल निघायचा हिरवाकच्च. वॅगनीत भरला की गेला दिल्लीला. पिवळं झाल्यावर केळ्याचं काय होतं, त्याची साल कशी दिसते, हे नीट बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. पण फसायचं तर माणूस तिथंच फसतो, जिथं त्याला वाटतं की इथं आपल्याला कोण फसवणार?

आता गर्दीच्या टोकाला बघ. खांद्याला लशीचा डबा लावून एक मुलगी उभी आहे. तेवीस वर्षांची. ती सुगंधा, उपकेंद्राची नर्स. तिला कुणी बसायला जागा दिली नाही. दोन बायांनी तर मुद्दाम पाठ केली.

सुगंधा होती पार धुळ्याकडची, साक्रीच्या बाजूची. तिची बोली वेगळी. रुजू झाली त्या दिवशी कुणीतरी विचारलं, सिस्टरबाई, औषध आहे का? ही चटकन बोलून गेली, "शे ना!" झालं! त्या दिवसापासून पोरंटोरं तिच्यामागं "शे शे शे" करत बकरी हाकल्यासारखी हाकत जायची. मग ती शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायला लागली. आणि पुस्तकासारखं बोलणाऱ्याशी गप्पा कोण मारणार? उपकेंद्रामागच्या खोलीत एकटीच राहायची. एक ताट, एक पेला. भाकरी भाजताना स्टोव्हशी अहिराणीत बोलायची, म्हणजे आपली बोली विसरायला नको!

गावात एकच घर तिचं. झुंबरबाईचं. झुंबर रोज पावशेर दूध द्यायची आणि दारात टेकून पाच मिनिटं बोलायची. तिची मुलगी साडेसहा महिन्यांची. ती सुगंधाला बघून हसायची. पण आज झुंबरसुद्धा त्या निंबाखालच्या रांगेत होती, मुलीला पोटाशी धरून. आणि सुगंधाकडं बघत नव्हती.

का? सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी लशीचा दिवस होता. तेव्हा गोवर गावात नव्हता, शेजारच्या गावात होता. सुंदरबाई आपला मुलगा घेऊन आली. सात महिन्यांचा. सुगंधानं तारीख बघितली आणि म्हणाली, "नऊ महिने पूर्ण झाल्याशिवाय गोवरची लस देता येत नाही. नियम आहे." सुंदरबाई दोनदा म्हणाली, "द्या ना वं बाई." ही दोनदा म्हणाली, "नियम आहे." सुंदरबाई गेली.

पुढच्या आठवड्यात गोवर खिरवाड्यात आला. सुंदरबाईच्या मुलाला झाला, छाती भरली, तालुक्याला नेताना बैलगाडीतच गेलं पोर. आणि त्यानंतर चार दिवसांनी, चारच दिवसांनी, तालुक्याहून परिपत्रक आलं: ज्या गावात गोवरची साथ आहे तिथं सहा महिने पूर्ण झालेल्या बाळालाही लस द्यावी, आणि नऊ महिने झाल्यावर पुन्हा द्यावी.

तो कागद घेऊन सुगंधा घरोघर गेली. बाया काय म्हणाल्या असतील?

"काल नऊ, आज सहा! उद्या म्हनशीन पोटातल्याले बी टोचू!"

"तुमचा नियम रोज फिरते. मायचा न्हाई फिरत."

आणि त्याच आठवड्यात भगत उगवला. दार बंद झालं की असले लोक खिडकीतनं येतातच.

तर पुन्हा निंबाखाली ये. डब्यातला बर्फ संध्याकाळपर्यंत टिकणार होता. रांगेत झुंबरच्या पुढं फक्त तिघी होत्या, आणि झुंबरच्या अगदी शेजारी बसलेल्या पोराला पुरळ फुटलेलं सुगंधाला लांबूनही दिसत होतं. आज टोचलं तर टोचलं. मायची सुरी एकदा लागली की झुंबर तिला पुन्हा दारात उभं करणार नव्हती.

एवढ्यात काय झालं, भगताच्या मडक्यात एका शेळीनं तोंड घातलं! साल ओढली आणि पळाली. बाया "हाड! हाड!" करत मागं. शेळीनं साल टाकली ती नेमकी सुगंधाच्या पायाशी.

तिनं उचलली. पिकलेली साल, काळे ठिपके असणारच. पण ठिपके विखुरलेले असतात ना? इथं सालीच्या एकाच धारेवर, बोट बोट अंतरानं, ओळीनं सात ठिपके. बारीक. शिवणीसारखे.

आणि तिला धुळ्याचा प्रशिक्षणाचा वर्ग आठवला! पोरींना इंजेक्शन द्यायला शिकवायचे ते केळ्यावर. माणसाच्या आधी केळं. संध्याकाळी टोचायचं आणि सकाळी शिकवणाऱ्या बाई तेच केळं हातात धरून म्हणायच्या, "मोजा. टोचलेली जागा काळी पडते. केळं चुगली करतं बरं का पोरींनो!" एकदा हिची सुई आत वाकडी फिरली होती. केळं सोललं तर आतून दोन तुकडे. सगळा वर्ग हसला होता.

सुगंधा पळतच खोलीवर गेली. फळीवर दोन केळी होती. गोधडी शिवायची लांब सुई घेतली. धारेवर टोचली, आतल्या आत डावी-उजवी फिरवली, बाहेर काढली. बोटभर खाली पुन्हा. सात वेळा. साल जशीच्या तशी! सुई पदराला टोचली, दोन्ही केळी पदराखाली घेतली आणि परत निंबाखाली.

झुंबर ओट्यावर चढलेली. भगतानं केळं तोडायला हात घातलेला.

"थांबा," सुगंधा म्हणाली. पहिल्यांदाच गर्दीत शिरली. केळं कौतिक आबांच्या हातात दिलं. "आबा, हे माझ्या घरचं केळं. सोला."

आबांनी सोललं. चकत्या! सात ठिकाणी कापलेल्या, धोतरावर सांडल्या!

सुगंधा बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात भगत टुणकन उडी मारून उभा राहिला. अरे, काय चलाख माणूस!

"माय! माय! सिस्टरबाईच्या अंगात बी माय आली! लोटांगन घाला रे!"

आणि लोक वाकले की! खरंच वाकले! पाठ करून बसलेल्या त्या दोघी पहिल्या. कुणी पायावर डोकं ठेवलं, कुणी कुंकू लावलं. जिला आठ महिन्यांत कुणी बसायला पाट दिला नव्हता, तिला ओट्यावर बसवायला हात पुढं आले. झुंबर रडत म्हणाली, "तुमीच सांगा माय, टोचू का नको?"

कळतंय का तुला? एक शब्द. फक्त "टोचा" म्हणायचं. गावातली सगळी पोरं संध्याकाळच्या आत टोचून झाली असती. आणि हे सगळे हात, हे सगळं प्रेम तिचं झालं असतं.

सुगंधानं कपाळावरचं कुंकू पुसलं. पदराला टोचलेली सुई काढून वर धरली.

"ही माय," ती म्हणाली. "गोधडी शिवायची. दुकानात मिळते."

दुसरं केळं काढलं आणि सगळ्यांसमोर टोचलं. एक, दोन, तीन. "आबा, साल बघा. धारेवर ठिपके दिसतात? भगताच्या मडक्यातल्या सगळ्या साली काढा. प्रत्येकीवर दिसतील. म्हणून तो साल घरी नेऊ देत नाही. उद्यापर्यंत ठिपके आणखी काळे होतात."

आबांनी मडकं उपडं केलं. एकेक साल डोळ्यांजवळ नेली. धारेवरनं बोट फिरवत गेले. मग हळूच म्हणाले, "सात. हिच्यावर बी सात." त्यांचा चेहरा इतका पडला की बघवेना.

"न्हाई चालत म्हने लोखंडाची सुई मायले!" मागनं कुणीतरी ओरडलं. "भगता, तुहा फेटा दाखव!"

फेट्याच्या घडीत सुई निघाली. भगत म्हणाला, ती फेटा शिवायची. लोक हसले. एकदा माणूस हसण्यावारी गेला की त्याचा देव राहत नाही. भगत एदलाबादच्या एस.टी.त बसला तेव्हा केळ्यांची फणीसुद्धा विसरला होता.

पण गर्दीतनं एक बाई उठली. सुंदरबाई. तिला बघून सगळे बाजूला झाले.

"मंग मह्या पोराले तव्हा काऊन न्हाई टोचलं?"

सुगंधाला सांगता आलं असतं की नियम होता. कागद होता तिच्याकडं. ती सांगायला लागलीही. "लहान बाळाच्या अंगात आईकडनं आलेलं बळ असतं. ते असेपर्यंत लस नीट लागत नाही, म्हणून नऊ महिने. पण साथ दारात आली तर थांबण्यात जास्त धोका. म्हणून सहा. आणि ती कच्ची राहू शकते, म्हणून नवव्याला पुन्हा. नियम खोटा नव्हता. साथ आली म्हणून बदलला. बदलतो, कारण कुणीतरी पोरं मोजत असतं..."

आणि तिथं तिची पुस्तकातली भाषा संपली.

"तीन डोस उरेल व्हतात," ती म्हणाली. "त्या रोजले. कुपी फोडी का चार तासमा वापरनी पडस. मी तिन्ही बठ्ठा मातीमा फेकी दिधात. तुन्हा पोऱ्या समोर व्हता. मी नियम दखा, शेजारना गावमा काय चालू शे ते दखं नही. इचाराले तालुकाले कोनले धाडं बी नही."

आठ महिन्यांत पहिल्यांदा ती बाहेर अहिराणीत बोलली आणि कुणी हसलं नाही.

सुंदरबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग घराकडं निघून गेली. माफ केलं, न केलं, कुणाला कळलं नाही. सुगंधाला तर कधीच कळलं नाही.

मग झुंबर ओट्यावरनं उतरली. मुलीचा उजवा दंड उघडा केला. "टोचा," म्हणाली. "माय म्हनून न्हाई. तुमी खोटं बोलल्या न्हाई म्हनून."

त्या दिवशी एकवीस पोरांना लस मिळाली. पंचेचाळीस घरांतली एकवीस! बाकीचे निघून गेले, काही चिडून, काही ओशाळून. काही जणींना तर ती माय नाही याचाच राग आला होता. संध्याकाळी शेवटच्या कुपीत दोन डोस उरले. सुगंधा डबा घेऊन पुन्हा चार घरं फिरली, दारं वाजवली. दोन उघडली नाहीत, दोन उघडून मिटली. मग खोलीमागं जाऊन तिनं ते ओतले, एका ताटात जेवली, आणि वहीत नवाचं सहा केलं.

झुंबरची मुलगी वाचली. गोवर तिच्या अंगाला शिवला नाही.

नंतर तालुक्याचे डॉक्टर तिला म्हणाले, "बाई, एक दिवस माय झाली असतीस तर शंभर टक्के लसीकरण झालं असतं की!" ती म्हणाली, "साहेब, आज माझ्या अंगातली माय म्हणाली असती टोचा, आणि उद्या त्याच्या अंगातली म्हणाली असती टोचू नका. मग लोकांनी सालीकडं बघायचं शिकायचं कधी?"

पण मी काही त्या डॉक्टरांना हसत नाही, कारण त्या न टोचलेल्या पोरांचा विचार माझ्याही मनातनं जात नाही.

म्हणून तुला विचारतोय. डब्यातला बर्फ वितळतोय, गाव पायाशी वाकलंय, पदरात सुई आहे. खरं सांग, तू काय केलं असतंस?