ज्वारीतली सीडी

रविवारी दुपारी साडेतीनले हीराबाई माह्या दुकानाची पायरी चढल्या, तवाच मले वाटलं का आज काहीतरी भलतंच हाये. शिरपुरात माहं झेरॉक्सचं दुकान. लग्नपत्रिका, बायोडाटा, ऑनलाइन फॉर्म, सगळं मीच करते आन् गिऱ्हाइकायवर वरडते बी मीच. हीराबाई दोन गल्ल्या पलीकडच्या जैनायच्या किराणा दुकानातल्या, दुलीचंद शेठ वारल्यावर मागं राहिलेल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडकं बांधलेला पाण्याचा गडवा. ओठ पार सुकलेले.

खुर्चीत टेकल्या आन् पिशवीतून एक काळी चपटी डबी काढली.

"वैजू, हे लावून दे. हार्ड डिस्क हाये म्हणे. त्रिशलाच्या दीक्षेचा व्हिडिओ हाये याच्यात."

त्रिशला त्यायची नात. कॉलेजचे सगळे फॉर्म माह्याच दुकानात भरले तिनं. दोन महिन्यांखाली घर सोडून साध्वी झाली. आजी त्या गोष्टीले राजी नव्हती. सोहळा परगावी होता, तिथं तर गेल्याच नाईत. निघायच्या दिवशी पोरीनं पाण्याचा गिलास पुढं केला, तर यायनं तोंड फिरवलं. हे गावात कोणी मले सांगतलं नाई, हीराबाईनंच सांगतलं होतं, याच खुर्चीत बसून.

"काल सन्मती देऊन गेला," त्या म्हणल्या. सन्मती म्हणजे त्रिशलाचा भाऊ. "म्हणे आजी, तिनं सगळ्यायसमोर तुमचं नाव घेऊन काही म्हटलं हाये. काय म्हटलं ते सांगेना. तुमीच आयका म्हणे. मंग मी नियम घेतला. ते आयकल्याशिवाय अन्न नाई आन् पाणी नाई."

"कवापासून?"

"काल दिवस बुडाला तवापासून."

मी घड्याळाकडं पाह्यलं. माहं डोकंच फिरलं. "आजी, या वयात असे नियम घेतेत का? चक्कर येऊन पडल्या म्हणजे?"

"आज सहा वाजून अकरा मिन्टाले दिवस बुडते," त्या शांतपणे म्हणल्या. "त्याच्या आंधी झालं तर ठीक. नाई झालं तर उद्या. दिवस बुडाल्यावर मी पाणी पीत नाई, हे तुले माहीत हाये."

म्हणजे आणखी एक रात्र कोरडी. मी डिस्कची वायर हातात घेतली.

अशी डिस्क निळ्या पोर्टात लय जोरात चालते. माह्या नव्या कम्प्युटरले सगळे पोर्ट निळेच होते. तो आणून आठच दिवस झाले होते. वाशिमच्या गोलू मेकॅनिकनं जोडून देला होता आन् जुना बदल्यात नेला होता. वायर खुपसली. काहीच नाई. ना दिवा लागला, ना आवाज आला. दुसऱ्या पोर्टात घातली, तिसऱ्यात घातली. पेनड्राइव्ह लावून पाह्यला, तो बी मेलेला.

आन् मंग मले माहंच काम आठवलं. काल मी त्या नव्या मशीनवर जुनी विंडोज सातवाली सिस्टीम टाकली होती. कायले? तर माही पत्रिकांची मराठी टायपिंग फक्त त्याच्यातच चालते. पंधरा वर्षं बोटायले तेच वळण हाये, नव्यावर माहा 'श्री' बी उमटत नाई. पन जुन्या सिस्टीमले हे निळे पोर्ट वळखूच येत नाईत. तिले त्यायची वळख करून द्या लागते. त्या वळखीलेच ड्रायव्हर म्हणतेत. कीबोर्ड आन् माउस माहे जुने, गोल पिनचे, ते चालत होते. म्हणून मले रातभर पत्ताच नव्हता.

"काय झालं वं?" हीराबाईनं विचारलं.

"काई नाई आजी. माही अक्कल गहाण पडली होती, तेवढंच."

ड्रायव्हर मशीनच्या खोक्यातल्या सीडीत होता. नेटचा ड्रायव्हर बी त्याच सीडीत, म्हणून नेटवरून बी घेता येईना. गोलूले फोन केला. तो कोणाच्या तरी लग्नात, उचलेना. खोकं उघडलं. सीडी नाई. कपाट धुंडाळलं, टेबलाखाली वाकली, आन् तिथंच मले सोमवार आठवला. सोमवारी माहे सासरे दुकानात आले होते. मी कामात होती. म्हटलं, "मामाजी, त्या कोपऱ्यातल्या सगळ्या भंगार सीड्या घेऊन जा." त्यायनं सगळ्या नेल्या. ज्वारीवरची पाखरं हाकलाले.

"आजी, तुमी हालू नका," म्हटलं, पंखा लावला, आन् स्कूटी काढली.

आमचं वावर गावापासून दोन कोस. पावणेपाच वाजले होते. बांधावर पोचली आन् राग जागच्या जागी थांबला. पूर्ण ज्वारी कणसावर आलेली, आन् तिच्यावर दोऱ्या ताणलेल्या, दोऱ्यायले सीड्या. शंभर असतीन, दीडशे असतीन. उन्हं तिरपी झाली होती. एकेक सीडी हळू फिरे आन् तिच्यातून हिरवा, जांभळा उजेड निघून कणसायवरून पळत जाय, माह्या हातावरून, चेहऱ्यावरून, पुढच्या वावरात. कुठंच आवाज नव्हता. पाखरू बी नव्हतं. मले वाटलं मी पाण्याच्या तळाशी उभी हावो. किती वेळ उभी राह्यली, देव जाणे.

"वैजयंती, तू कायले आली वं या टायमाले?" मचाणावरून आवाज आला. माहे सासरे दौलतराव पाय सोडून बसले होते, बिडी न पेटवता तोंडात धरून.

"मामाजी, सोमवारच्या सीड्या कुठं बांधल्या?"

ते उतरले. घाईनं उतरणं त्यायले माहीत नाई. "हे गोविंदाच्या पोराच्या बारशाची," एका सीडीले बोट लावत म्हणले. "हे तुह्या लग्नाची."

"माह्या लग्नाची बी टांगली तुमी?"

"पाखरं लय भेतेत तिले."

दुसरी येळ असती तर मी तिथंच भांडली असती. पन मले हीराबाईचे ओठ दिसत होते. "सोमवारच्या, मामाजी! एक म्हातारी बाई पाण्यावाचून बसली हाये!"

हे आयकलं आन् सासरे खरंच पळाले. जन्मात पाह्यलं नव्हतं मी त्यायले पळतानी. विहिरीच्या अंगाले पाच सीड्या एका दोरीले होत्या. उन्हानं पाचहीची अक्षरं उडालेली. कोणती माही, काई समजेना. त्यायनं दाताखाली दोरी धरून कचकन तोडली आन् पाचही माह्या गळ्यात घातल्या. तशीच मी स्कूटीवर बसली. वाटेत त्या वाजत होत्या आन् रस्त्याच्या दोन्ही बाजूच्या बाभळीवर ठिपके नाचत होते.

दुकानात पोचली तर पाच पस्तीस. हीराबाई डोळे मिटून बसलेल्या. मी घाबरून हात लावला. डोळे उघडले. "त्रिशला आली का?" त्या म्हणल्या, आन् मंग मले वळखून कसनुसं हसल्या.

पहिली सीडी घातली. घरघरली आन् बाहेर आली. दुसरी बी तशीच. तिसरीवर मातीचा थर होता, ओढणीनं आतून बाहेर पुसली, घातली. मशीन थोडं थांबलं. मंग पडद्यावर ड्रायव्हरची नावं आली. मी मोठ्यानं "आली वं माय!" म्हटलं. उरलेल्या चारही दोरीत ओवून दाराच्या कडीले अडकवल्या, पायात येऊ नये म्हणून.

ड्रायव्हर टाकाले सुरुवात केली. हिरवी पट्टी अशी सरके जशी सासऱ्यायची चाल. अर्ध्यावर येऊन थांबली. मी तिले सगळं बोलली, जे बोलता येते ते बी आन् येत नाई ते बी. सरकली. मंग म्हणते, मशीन बंद करून चालू करा. केलं. पाच अठ्ठावन्न. हीराबाईनं गडव्याचं फडकं सोडलं, गिलासात पाणी ओतून टेबलावर ठेवलं आन् हात मांडीवर घेतले.

मी वायर खुपसली. डिस्कवर निळा दिवा लागला.

मले रडूच आलं. पन रडाले टाइम नव्हता. आत सत्तर-ऐंशी फाइली. मिरवणूक, मंडप, जेवण, पुन्हा मिरवणूक. एकेक उघडून पाह्यली. सटासट उघडत होत्या, अडखळणं म्हणून नाई. सहा वाजून सात मिन्टाले त्रिशला दिसली. लाल शालू, दागिने, लांब केस. तिचा शेवटचा शिणगार होता तो. हातात माइक. सगळ्यायची क्षमा मागत होती, दीक्षेच्या आंधी मागतेत तशी. मायची, बापाची, सन्मतीची.

"आन् आजी," ती म्हणली, आन् तिचं मंचावरचं बोलणं सुटून घरचं बोलणं आलं. "तुमी इथं नाई आल्या. मले राग नाई. पन त्या दिवशी माह्या हातचं पाणी तुमी परत केलं, ते मले रोज दिसते. आजी, मी तुमचं मन दुखवलं, मले क्षमा करा. आन् केली असंन तर घरी एक गिलास पाणी घ्या. माह्या हातचं म्हणून घ्या."

मंग ती खाली वाकली, कॅमेऱ्याले नाई, गावाच्या दिशेनं.

हीराबाईचा हात गिलासापर्यंत गेला आन् तिथंच थांबला. घड्याळात सहा अकरा झाले होते.

"वैजू," त्यायचा आवाज चिरकला. "दिवस हाये का अजून? खोटं बोलू नको. खोटं सांगशीन तर त्या पोरीचं पाणी बाटते."

माहं घड्याळ दोन मिनिटं पुढं राहते का मागं, तेच आठवेना. मी दाराकडं वळली. कडीले अडकवलेल्या सीड्या हळू फिरत होत्या, आन् समोरच्या भिंतीवर, त्रिशलाच्या पडद्याच्या अगदी वर, एक लहानसा तांबडा-जांभळा ठिपका थरथरत होता.

"हाये, आजी," मी म्हटलं. "तो पाहा. भिंतीवर हाये."

त्यायनं मान वर करून पाह्यलं. मंग दोन्ही हातानं गिलास उचलला, पडद्याकडं एकडाव धरला, जसा कोणाच्या हातातून घेतेत तसा, आन् एका दमात रिता केला. पाणी गळ्यावरून खाली लुगड्यावर सांडलं. मी गिलास घ्याले हात पुढं केला, तर त्यायनं तो सोडलाच नाई.

मी भिंतीकडं पाह्यलं. ठिपका गेला होता.

"आता पुन्हा लाव," हीराबाई म्हणल्या. "पहिलेपासून."