शेवटच्या घासाचे मचाण

ज्या वसंतात लोव्रेंक काकांच्या तिल्काचा बाप्तिस्मा झाला, त्याच वसंतात मला उभे केले. चर्चमधून आलेली मंडळी जेवून उठली, पुरुषांनी अंगातले चांगले कोट काढून झुडपांवर टाकले आणि कुऱ्हाडी हातात घेतल्या. त्यामुळे माझे वय तिल्काकडे पाहून ओळखावे. तिचे केस आता पिकू लागले आहेत आणि माझ्या पायऱ्यांवर शेवाळ चढले आहे.

मित्रांनो, मी स्लोव्हेनियाच्या दक्षिणेकडील जंगलातले एक मचाण आहे. चार पाय, एक शिडी, दोन माणसे दाटीने बसतील एवढी फळी आणि वर लाकडी कौलांचे छप्पर. समोरच्या मोकळ्या जागेत गावचे शिकारी अस्वलांसाठी मका टाकतात. त्यापलीकडे घळ आहे. माझ्या डाव्या हाताला फरचे एक झाड आहे, तेच माझे शेजारी.

माझ्यावर बसून कोणी अस्वल मारले, की तो आधी खाली उतरतो, टोपी काढतो, फरची एक डहाळी मोडतो आणि मेलेल्या अस्वलाच्या तोंडात ठेवतो. याला इकडे शेवटचा घास म्हणतात. ज्याचा जीव घेतला त्यालाच घास भरवायचा, याचे मला पहिल्यांदा फार नवल वाटले. पुढे सवय झाली. अर्थ मात्र मला पुरता कळला, असे आजही म्हणवत नाही.

किती अस्वले मारायची ते सरकार दरवर्षी ठरवते. हंगाम एप्रिलअखेर संपतो. पिल्लेवाल्या मादीवर गोळी झाडायची नाही, हा नियम कागदावर येण्याआधीपासून गावात होता. पण माझ्यावर फक्त मारणारे चढत नसत. ठरलेल्या संध्याकाळी साऱ्या जंगलातल्या मचाणांवर माणसे बसतात आणि नुसती अस्वले मोजतात. तिल्का मोठी होऊन जंगल खात्यात लागली, तेव्हा मोजणीला ती यायची आणि शिकारीला तिचे वडील. फळी तीच.

दोघांचे वाद मी खूप ऐकले. तिल्का म्हणायची, कुंपणे नीट घाला, कचरा झाकून ठेवा, म्हणजे एवढी अस्वले मारावी लागणार नाहीत. काका म्हणायचे, माणसाचा धाक गेला की अस्वल अंगणात येते आणि मग तेही वाचत नाही. बोलता बोलता दोघे एकाच पावाचे तुकडे करून खात. एका वर्षी शिकारीचा राग असलेल्या कोणी तरी माझा एक पाय करवतीने अर्धा कापून ठेवला. ते आधी तिल्कालाच दिसले. काकांनी ओकचा तुकडा जोडून मला पुन्हा उभे केले, पण तेव्हापासून मी किंचित घळीकडे कलते.

मग तो एप्रिल आला. फाटक्या कानाच्या एका अस्वलाने गावातल्या मेंढपाळ पोल्देचा मेंढवाडा फोडला. घंटा बांधलेली, कळपाच्या पुढे चालणारी त्याची मेंढी गेली, आणखीही गेल्या. हंगामाचा शेवटचा दिवस होता आणि गावाच्या वाट्याचे एकच अस्वल उरले होते. पोल्दे थेट माझ्या पायाशी आला.

"लोव्रेंक, तुझ्या लेकीच्या मोजणीत माझ्या मेंढ्या धरतात का रे?"

"तुझ्या तूच मोज. तेवढं तरी येतं ना तुला?"

"मोजायला उरू तर देत."

काका हसले नाहीत. आज ते अस्वल आले तर सोडणार नाही, असा त्यांनी पोल्देला शब्द दिला. शिकाऱ्याला शुभेच्छा द्यायच्या रीतीप्रमाणे पोल्देने "नजर चांगली पडो" म्हटले आणि तो गेला.

संध्याकाळी तिल्काही वर चढली. उजेड पिवळा पडला तेव्हा अस्वल आले. कान फाटका, मादी, एकटी. मका खाता खाता ती पुन्हा पुन्हा घळीकडे मान वळवी. काकांनी बंदूक खांद्याला लावली.

"एकटीच दिसते," ते पुटपुटले.

"आई बाजाराला एकटीच जाते, बाबा. पोरं घरी ठेवून."

"आणि पोरं नसलीच, तर पोल्देला काय सांगू?"

"अंधार पडला म्हणून सांगा."

"अंधार तर रोजच पडतो."

उजेड संपेपर्यंत काकांनी वाट पाहिली. पिल्लू दिसले नाही. मग त्यांनी बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली आणि दोघे खाली उतरले.

ते वळणापलीकडे जातात न जातात, तोच घळीच्या काठच्या बीचच्या झाडावरून दोन पिल्ले घसरत खाली आली आणि आईच्या पोटाखाली शिरली. मी पाहिले. पण मित्रांनो, लाकडाला तोंड नसते.

रविवारी चर्चच्या दारात पोल्देने सगळ्यांसमोर विचारले, "बंदुकीत काय भरलं होतंस, मका?" लोक हसले. मे महिन्यात त्याची आणखी मेंढरे गेली, तेव्हा कोणी हसले नाही. पोल्देचे दुःखही खोटे नव्हते. काकांनी आपल्या मधाच्या पेट्यांभोवतीची विजेची तार सोडली आणि त्याच्या मेंढवाड्याला स्वतःच्या हातांनी लावून दिली. शरद ऋतूत अस्वलाने काकांच्या पेट्या फोडल्या. पेट्यांच्या तोंडाच्या फळ्यांवर इकडे चित्रे रंगवतात; त्यातली एक फळी तेवढी धड उरली. ती त्यांनी माझ्या कुजलेल्या पायरीच्या जागी ठोकली. पोल्दे खिळे धरायला आला होता.

"आता तुझंही गेलं. फिटलं आपलं," तो म्हणाला.

"मध तरी खाल्ला त्याने. तू मला चीजचा तुकडा कधी दिला नाहीस."

पुढच्या हंगामात काकांनी माझ्यावरूनच एक तरणे नर अस्वल मारले. डहाळी तिल्काने मोडून त्यांच्या हातात दिली. दोघेही टोप्या काढून उभे राहिले. त्यांचा वाद मात्र मिटला नाही. पुढच्या मोजणीला तो पुन्हा सुरू झाला.

आता माझ्यावर कॅमेरेवाले पाहुणेही चढतात. माझी विनवणी एवढीच आहे. चढण्याआधी पायऱ्या तपासा, कुजली असेल ती बदला. मारायला बसा, मोजायला बसा, नाही तर नुसते पाहायला. पण बसलात तर उजेड असेपर्यंत बसा. जे दिसत नाही ते नसतेच, असे धरून चालू नका.

यंदा बर्फातून तिल्का आणि पोल्दे माझ्याकडे आले. शिकारी गेला की त्याच्या शवपेटीवर डहाळी ठेवायची इकडे रीत आहे. फांदी उंच होती. पोल्देने माझ्या रंगीत पायरीवर उभे राहून ती मोडली आणि खाली उतरून टोपी काढली. त्या दोन पिल्लांचे काकांना शेवटपर्यंत कळले नाही. लोव्रेंक काका दोन फेब्रुवारीला सकाळी आपल्या घरी वारले.