सोड

पट्टीची गाठ साधीच होती, पण नर्सनं ती उलटी मारलेली—आणि तिच्या वडिलांना, अण्णांना, उलटी गाठ कधी खपली नाही. पलंगाच्या दांडीला बांधलेला त्यांचा उजवा हात, सुजून चकचकीत झालेला... नळ्या ओढतात म्हणून बांधला होता. आता त्यांना शुद्ध नाही, श्वाससुद्धा यंत्र घेतं, तरी पट्टी तशीच. कुणाच्या लक्षात आलं नसेल.

"ताई, डॉक्टरांचं मंडळ बसलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यंत्र काढायचं तर कायदा आधी विचारतो, त्यांची स्वतःची इच्छा काय होती. लिहून काही ठेवलं नाही ना त्यांनी. शेवटचं बोलले ते तुमच्याशी. नेमके शब्द सांगा."

"सांग ना," दादा म्हणाला. "सोड म्हणाले ना? मग झालं तर. अजून किती हाल करायचे त्यांचे?"

दादाचं चुकत नाही, तिच्या मनात आलं. त्याला बघवत नाही. मला तरी कुठे बघवतं.

सोड. म्हणाले होते. मास्कच्या आतून, अडखळत—सोड गं मला आता... पण जन्मभर पार्सलं बांधलेला माणूस तो. दुकानात दोरीला कात्री लावलेली त्यांना चालायची नाही. "कापू नकोस, सोड," म्हणत ते नखानं गाठ मोकळी करायचे, दोरी बोटांभोवती गुंडाळून ठेवायचे. आणि ज्याच्यावर पाणी सोडायचं त्याला ते सोड म्हणतच नसत, 'जाऊ दे' म्हणत. जुनं गिऱ्हाईक तुटलं, जाऊ दे. आई गेली तेव्हासुद्धा, भिंतीकडे तोंड करून, जाऊ दे. म्हणजे हातच सोडायला सांगत होते... की नव्हते? आणि मी काय केलं, "थोडं सोसा हं अण्णा," म्हणत गाठ घट्ट आहे ना ते पाहिलं. संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांच्या घशात नळी घातली.

तिनं वाकून गाठीत नख घातलं. सुटता सुटेना, पण तिनं कात्री मागितली नाही. शेवटी पट्टी मोकळी झाली. हात होता तिथेच राहिला, मनगटावर वळ घेऊन. तिला कळलं, आपण वाट बघतोय—हा हात उठेल, एका झटक्यात नळी ओढून काढेल, आणि आपल्याला काही सांगावंच लागणार नाही. आपल्या बापानं हे स्वतः करावं, आत्ता, सगळ्यांदेखत, एवढंच तिला मनापासून हवं होतं, आणि तिला स्वतःची भीती वाटली.

"ताई?"

ती पट्टी बोटांभोवती गुंडाळत राहिली.