उत्सर्जन निम्म्यावर

आमच्या दादाला साधं बोलता येत नाही. बाबांच्या माघारी लॉन्ड्री त्याच्याकडे आली, तेव्हापासून तर तो शिंकतोसुद्धा परिपत्रक काढून. परवा धुण्याच्या ड्रमशेजारी त्याने कागद चिकटवला : ‘सर्वांनी उत्सर्जन तातडीने निम्म्यावर आणावे. शुक्रवारी दवाखान्याच्या बाई तपासणीला येतील. कसूर झाल्यास त्यांच्या चादरी दुसऱ्या लॉन्ड्रीत जातील.’

चादरी गेल्या की लॉन्ड्रीला टाळं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाकी गिऱ्हाईक म्हणजे चार कोट आणि एखादा पडदा. म्हणून सगळ्यांनी कागद मन लावून वाचला आणि ‘उत्सर्जना’पाशी गाडी अडली.

“शाळेत शिकलोय मी,” बॉयलरमामा म्हणाले. बॉयलर सांभाळतात म्हणून हे नाव. नात्याने ते कुणाचेच मामा नाहीत. “पचनसंस्था, श्वसनसंस्था, उत्सर्जनसंस्था. मूत्रपिंडाची आकृतीसुद्धा काढली होती.”

“म्हणजे बाथरूमला जायचंच नाही?” माझ्या शेजारच्या इस्त्रीवालीने विचारलं.

“जायचं. पण निम्मं.”

मला राग आला, नवल मात्र वाटलं नाही. पंखे आलटूनपालटून लावणारा, साबणाच्या वडीचे तुकडे करून देणारा माझा भाऊ. पाणी वाचवता वाचवता इथवर पोचला असणार. त्याला विचारायचं तरी कुठल्या तोंडाने? सख्खा असला तरी भाऊच तो.

चहा बंद झाला. पाण्याचा माठ कोपऱ्यात ढकलला. उकाड्याने आधीच जीव नकोसा झालेला, त्यात इस्त्रीची वाफ. मामा तर भट्टीपुढे उभे.

“पाणी प्यायचं नाही आणि इथे भाजून घ्यायचं, हे मला जमणार नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी कोळसा टाकणं आवरलं. धुण्यापुरती वाफ ठेवली. चादरी वाळवायचं यंत्र गारच पडलं, तेव्हा आम्ही ओल्या चादरी गच्चीवर दोऱ्या बांधून वाळत घातल्या. ऊन असं, की बघता बघता वाळत. दादाला याचा पत्ताच नव्हता. तो फाटकाशी झाडांच्या कुंड्या मांडत बसला होता.

शुक्रवारी बाई आल्या. कुंड्यांकडे ढुंकूनही न बघता थेट मामांसमोर उभ्या राहिल्या.

“उत्सर्जन किती कमी केलंत?”

मामा लाजले. “बाई, हे असं चारचौघांत...”

“संकोच कसला? सांगा.”

“सकाळपासून एकदाच गेलो. तेही अगदीच नाइलाज झाला म्हणून.”

दादाचा चेहरा पिळलेल्या टॉवेलसारखा झाला. बाईंनी भिंतीवरचा कागद वाचला आणि हसता हसता चादरींच्या गाठोड्यावरच बसल्या.

“अहो मामा, बॉयलरचं उत्सर्जन!” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “कोळसा जळला की कार्बन डायऑक्साइड निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, पण हवेत साठत जातो आणि शेकडो वर्षं तिथेच राहतो. ऊन आत येऊ देतो, पण तापलेल्या जमिनीची उष्णता बाहेर जायला लागली की अडवतो. जगभर जितकं जाळू, तितकं हे पांघरूण जाड.”

“म्हणजे भर उन्हाळ्यात आपणच स्वतःला रजई घालतोय?” मामांनी विचारलं.

“आणि वर आणखी एक, आणखी एक.”

दरवर्षी जास्त उकडतं, ते मी आपलं वयावर ढकलत होते. आमच्याच चिमणीचा त्यात हात असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

बाईंची नजर एव्हाना कोळशाच्या ढिगाकडे गेली होती. “पण हा ढीग उतरलेला दिसत नाही. मग चादरी कशावर वाळवल्या?”

मामांनी तहानेपासून गच्चीपर्यंत सगळं सांगितलं. बाई गच्चीवर जाऊन आल्या, कोठीतला कोळसा वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिला आणि म्हणाल्या, “निम्म्याहूनही कमी जाळलाय की!”

दादाने घसा खाकरला. “आमची योजनाच होती तशी.”

मीही मान डोलावली. चादरींचा प्रश्न होता.

“चादरी तुमच्याकडेच राहतील,” बाई म्हणाल्या. “फक्त वाळवणं असंच उन्हात चालू ठेवा.”

मामा मघापासून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. “राहतील म्हणजे नक्की ना?”

“नक्की.”

“मग आता जाऊ?”

उत्तराची वाट न बघता ते सुटले, त्यांच्यामागे आम्ही सगळे. बाथरूमपाशी ही रांग लागली. थोड्या वेळाने दादाही आला आणि हळूच माझ्यापुढे घुसू लागला.

“मागे हो,” मी म्हटलं. “तुझीच योजना ना?”