चाळीस मीटरचं मैदान

दोन हजार अकरा साली द्वारकाबाईंनी घरून करून आणायचे प्रकल्प बंद केले. आदल्या वर्षी सातवीच्या वर्गात ज्वालामुखीच्या अकरा प्रतिकृती आल्या होत्या. त्यांतल्या नऊ एकाच दुकानातल्या होत्या, तळाला तसा शिक्काच होता. दहावी एका मुलाच्या वडिलांनी केली होती. ते हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत होते, त्यामुळे त्यांचा ज्वालामुखी बटण दाबलं की बोलायचा, तोही इंग्रजीत. अकरावी मात्र मुलानं स्वतः केली होती. ती कशाची आहे, हे विचारावं लागलं. बाईंनी अ-१ श्रेणी त्यालाच दिली आणि दोन दिवस फोन घेतले.

मुलांना हातानं काही करायला लावायचं आणि त्यावरून वर्षभर त्यांचं मूल्यमापन करायचं, अशी पद्धत सरकारनं नुकतीच आणली होती. शिक्षकांच्या खोलीत तिच्यावर सगळे वैतागलेले असत. बाईंना तिच्यात नवं काही दिसत नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली त्या शनिवार पेठेतून धायरीच्या या शाळेत नोकरीला आल्या, तेव्हा बस गावाबाहेरच थांबायची आणि पुस्तकं दिवाळीपर्यंत यायची नाहीत. मग मुलं ज्वारी मोजून मापं शिकत आणि सावल्या मोजून कोन.

"तेव्हा हे सगळं गरिबीमुळे करत होतो," त्या म्हणायच्या. "आता त्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं. मधे जेवणही देतात."

सप्टेंबरात त्यांनी कृती ठरवली ती अशी. सहा गट करायचे. प्रत्येक गटानं शाळेचं मैदान मोजायचं, ते गणित. मापावरून नकाशा काढायचा, तो भूगोल. मैदानाला एक फेरी मारून नाडीचे ठोके मोजायचे, ते विज्ञान. आणि हे सगळं कसं केलं ते एका पानात लिहायचं, ते मराठी. चार विषयांची श्रेणी एका मैदानात.

उत्तर ताडून बघायला त्यांनी मुख्याध्यापकांकडून जागेचा कागद मागून घेतला. लांबी सत्तर मीटर, रुंदी चाळीस मीटर.

मुलांनी दोन दिवस मैदान मोजलं. लांबी सगळ्यांची सत्तरच्या आसपास आली. रुंदी पाच गटांची आली छत्तीस मीटर वीस सेंटिमीटर, इकडेतिकडे बोटभर. फक्त पाचव्या गटाची बरोबर चाळीस आली.

बाईंनी पाचव्या गटाला बोलावलं.

"कशानं मोजलंत?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग त्यांच्यातली धीट होती ती म्हणाली, "बाई, मच्छिंद्रमामांना विचारलं."

मच्छिंद्र हा शाळेचा शिपाई.

"का?"

"त्यांना सगळं माहीत असतं."

बाई सगळे कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या. बापूराव सर भला माणूस होता. कुणाचं वाईट त्यांच्या हातून झालं नव्हतं आणि फारसं दुसरं काहीही झालं नव्हतं.

"मुलं चुकली," सर म्हणाले.

"एकोणतीस मुलं? एकसारखी?"

"कॉपी केली असेल."

"मैदान एकच आहे, सर. सगळ्यांनी त्याच्यावरूनच कॉपी केली."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग उठून दार लावून घेतलं. "बाई, पश्चिमेची भिंत कुणाची आहे, ठाऊक आहे ना आपल्याला?"

ते सगळ्या धायरीला ठाऊक होतं. शाळेच्या जमिनीचं दान केलं होतं कोंडीराम पाटलांनी. त्यांचे चिरंजीव हिंदुराव आता संस्थेचे अध्यक्ष होते. सिंहगड रस्त्याला मोठ्या इमारती येऊ लागल्या, तशा हिंदुरावांच्या शेतातही आल्या. शाळेला लागून त्यांनी सात मजले चढवले आणि चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्याच्या सुटीत कुंपणाची भिंत घातली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कुणाच्या काही लक्षात आलं नाही. क्रिकेटमध्ये चौकार वाढले, एवढंच.

"कागदावर चाळीस आहे," सर म्हणाले. "पाचव्या गटाला अ-१ द्या. बाकीच्यांना क-२. पालकसभेला तो एकच नकाशा लावा. आणि बाई, तुमचे पेन्शनचे कागद अध्यक्षांकडेच सहीला आहेत. जानेवारीअखेर तुम्ही सुटणार. कशाला?"

बाई वर्गात येऊन बसल्या. मूल्यमापनाची वही उघडली. तेहतीस वर्षांच्या नोकरीचे कागद एका सहीसाठी थांबलेले होते, आणि घरी मिळवतं दुसरं कुणी नव्हतं. समोर रकाने होते. मोजणाऱ्या मुलांना क-२ लिहायचं आणि विचारून आलेल्यांना अ-१. एवढंच लिहायचं होतं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि पेन घेतलं. पाचव्या गटापुढे गणिताच्या रकान्यात क-२ लिहिलं, आणि शेरा दिला : 'मैदान मोजले नाही.' बाकीच्या गटांना त्यांच्या कामाप्रमाणे श्रेण्या दिल्या. शनिवारी पालकसभेला सहाही नकाशे भिंतीवर लावले.

तिसऱ्या गटाच्या नकाशाखाली शेफाली उभी होती. ही हिंदुरावांची नात. नकाशा सगळ्यांत नेटका होता, आणि पश्चिमेच्या भिंतीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'आमची भिंत'.

हिंदुराव पांढऱ्या कपड्यांत आले. मागे बापूराव सर होते. नातीचा नकाशा म्हणून अध्यक्ष कौतुकानं थांबले, आणि मग नुसतेच थांबले.

"छत्तीस? टेप खोटी असंल."

"आजोबा, टेप आपल्या साइटवरची हाय," शेफाली म्हणाली. "इंजिनिअरकाकांनी दिली."

मागे गावातले दहाबारा पालक जमले होते. सगळे शेतकरी. त्यांना नकाशा कळायला वेळ लागला नाही. एकजण खोकला.

हिंदुराव तसेच मैदानात उतरले. जन्मभर त्यांनी जमीन पावलांनीच मोजली होती, टेप त्यांच्या इंजिनिअरसाठी होती. पूर्वेच्या कडेपासून ते पावलं टाकत निघाले. पालक व्हरांड्यात उभे राहून बघत होते. भिंतीपाशी गेल्यावर ते थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग परत आले.

"भिंतीची जाडी धरलीस का गं?"

"नऊ इंच. ती वेगळी दाखवलीये. बघा की."

त्यांनी बघितलं. मग द्वारकाबाईंकडे वळले. "बाई, तुमचे कागद माझ्याकडं हायेत, ठाव हाय ना?"

"आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर श्रेणी शाईनं लिहिली. उगाच खोडाखोड नको."

"हिला किती दिले?"

"अ-२."

"अ-२?" अध्यक्षांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एक का न्हाई?"

"उत्तर दिशा दाखवायची राहिली."

हिंदुरावांनी पुन्हा एकदा नकाशा सगळीकडून तपासला. उत्तर दिशा खरंच नव्हती. "एवढं सगळं दाखवलंस," ते नातीला म्हणाले, "आन् त्येच ऱ्हायलं व्हय?" आणि चहा न घेताच गेले.

पुढचे पाच आठवडे कागद आले नाहीत. बापूराव सर बाईंशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलत. घरी शेफालीनं आजोबांशी अबोला धरला आहे, असं मच्छिंद्रनं सांगितलं. त्याला सगळं माहीत असायचं.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली तेव्हा पश्चिमेची भिंत मागे गेलेली होती. गिलावा अजून ओला होता. टेबलावर पाकिटात बाईंचे कागद होते, प्रत्येक पानावर सही. बाईंनी ती पानं दोनदा मोजली आणि पाकीट पर्समध्ये ठेवलं. मग टेप घेतली आणि सातवीला मैदानात नेलं. या वेळी पाचव्या गटाला सगळ्यात आधी मोजायला लावलं.

सहाही गटांची रुंदी आली एकोणचाळीस मीटर साठ सेंटिमीटर.

बापूराव सर व्हरांड्यातून धावतच आले. "झालं ना? चाळीस झालं!"

"एकोणचाळीस साठ, सर."

"अहो, तेवढं चालतं! पूर्णांकात लिहा, बाई. मिटलं एकदाचं."

"नाही लिहिता येणार," द्वारकाबाई वही उघडत म्हणाल्या. "सातवीला दशांश अपूर्णांक आहेत."